कूस बदलली की खोली का फिरते?

प्रश्न थोडक्यात असा: आईंना पहाटे कूस बदलताना किंवा उठून बसताना खोली गरगर फिरल्यासारखी वाटते. अर्ध्या मिनिटात थांबतं. ऐकू नीट येतं, तरी डॉक्टर म्हणतात दोष कानात आहे. कुणी मानेला पट्टा लावा म्हणतंय, कुणी मेंदूचा स्कॅन करा. कानाचा आणि चक्करेचा संबंध काय?

यातली सगळ्यात कामाची माहिती 'अर्ध्या मिनिटात थांबतं' ही आहे. चक्कर कशी वाटते याचं वर्णन लोक खूप रंगवून करतात, पण त्यातून फारसं हाती लागत नाही. ती किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, एवढं कळलं की दोष कुठे असावा याचा बराच अंदाज येतो.

कानाच्या मागच्या हाडात खोलवर, ऐकण्याच्या शंखाकृती भागाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी साधारण काटकोनात असतात, त्यामुळे डोकं कसंही वळलं तरी एखादीला तरी ते कळतंच. नलिकेत पातळ द्रव असतो. डोकं वळलं की हाड लगेच वळतं, द्रव मात्र क्षणभर मागे रेंगाळतो आणि नलिकेच्या फुगीर टोकाशी असलेला मऊ पडदा वाकवतो. त्या पडद्यात घुसलेले पेशींचे सूक्ष्म केस वाकतात आणि मज्जातंतूतून मेंदूकडे संदेश जातो. ऐकण्याशी याचं नातं फक्त शेजाराचं. फ्लूराँस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात कबुतरांच्या या नलिका कापून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत राहिलं, पण त्यांची डोकी मात्र भलतीच हेलकावू लागली.

आता खरी मेख. डोकं स्थिर असतानाही हे मज्जातंतू गप्प नसतात, दोन्ही कानांकडून संदेशांचा एकसारखा ओघ चालूच असतो. डावीकडे वळलात की डाव्या बाजूचा ओघ वाढतो, उजवीकडचा घटतो. मेंदू वाचतो तो या दोघांतला फरक. त्यामुळे एका कानाने खोटी खबर दिली, की तुम्ही गादीवर स्वस्थ पडलेले असलात तरी मेंदूच्या हिशेबात तुम्ही फिरत असता.

आणि तो नुसता हिशेब करून थांबत नाही, डोळेही हलवतो. हे आत्ताच करून बघा. ही ओळ वाचता वाचता डोकं भराभर डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने फोन हलवा. अक्षरं पुसट होतात. डोकं हलतं तेव्हा कानापासून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंतचा निरोप अवघ्या तीन चेतापेशींच्या साखळीतून, साधारण १० मिलिसेकंदांत पोचतो आणि डोळे तेवढेच उलट वळतात. नुसत्या नजरेने पाठलाग करायला त्याच्या कैक पट वेळ लागतो. म्हणून कानाकडून चुकीची खबर आली की डोळे खरोखर सरकतात, आणि खोली फिरताना दिसते. आईंना 'मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हणत असेल तर त्यांना हे वाचायला द्या.

आईंच्या बाबतीत काय होत असावं? नलिकांच्या शेजारच्या दुसऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली गती कळते ती त्यांच्यामुळे. वय वाढलं किंवा डोक्याला मार बसला की त्यातले काही सुटतात आणि बहुतेक वेळा मागच्या नलिकेत शिरतात, कारण ती सगळ्यात खाली असते. डोकं स्थिर असेपर्यंत ते बाटलीतल्या गाळासारखे तळाशी पडून राहतात. कूस बदलली की गाळ घसरतो, द्रवाला ओढतो, आणि डोकं थांबलं तरी पडदा वाकत राहतो. म्हणूनच चक्कर दोन-चार सेकंद उशिरा सुरू होते, वाढते आणि गाळ खाली बसला की मिनिटाच्या आत ओसरते. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात.

रक्तदाब घसरून येणारी भोवळ वेगळी. ती उभं राहिल्यावर येते आणि डोळ्यांपुढे अंधारी आणते. आडवं असताना नुसती कूस बदलून रक्तदाब घसरत नाही.

तपासणी सोपी आहे, १९५२ सालापासून डिक्स-हॉलपाइक या नावाने ओळखली जाते. बसलेल्या माणसाची मान ४५ अंश वळवून त्याला झटकन मागे निजवतात, डोकं किंचित खाली लोंबतं, आणि डॉक्टर डोळ्यांकडे बघत राहतात. काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं वरच्या दिशेला झटके देत पिळल्यासारखी फिरू लागतात. हे नीट दिसलं तर स्कॅनची सहसा गरज पडत नाही. उपाय एप्ली नावाच्या डॉक्टरांचा: डोकं ठरावीक क्रमाने टप्प्याटप्प्याने फिरवून स्फटिक नलिकेबाहेर काढायचे. बऱ्याच जणांना एका बैठकीतच फरक पडतो, काहींना पुढे पुन्हा त्रास होतो. पण बाजू आणि नलिका बरोबर ओळखलेली हवी, त्यामुळे पहिल्यांदा तरी व्हिडिओ बघून घरी करू नका. मानेचं दुखणं असेल तर ते आधीच सांगा.

चक्करेच्या गोळ्यांनी मळमळ दबते, स्फटिक हलत नाहीत. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूचं जुळवून घेणं लांबतं, आणि वयस्कर माणसाला गुंगी येऊन पडण्याची भीती असते ती वेगळीच. चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवा. पट्ट्याचं म्हणाल, तर त्याने बरं वाटलंच तर डोकं कमी हललं म्हणून.

वीस मिनिटं ते काही तास टिकणारी चक्कर, सोबत कानात आवाज आणि ऐकू कमी येणं, असं असेल तर मेनिएचा आजार (आतल्या कानाचाच एक विकार) डोक्यात ठेवावा लागतो. दिवसभर न थांबणारी चक्कर म्हणजे कानाच्या मज्जातंतूची सूज किंवा मेंदूतला झटका (पक्षाघात), दोन्ही शक्य. एकाचं दोन दिसणं, बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, अचानक भयंकर डोकेदुखी, यातलं काहीही सोबत असेल तर क्षणभरही न थांबता हॉस्पिटल गाठा.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्याआधी आईंना एवढं विचारून ठेवा: डाव्या कुशीवर वळताना जास्त फिरतं की उजव्या? वर मान करून फळीवरचं काही काढताना होतं का? आणि चक्कर एकदा घड्याळ लावून मोजा.