मोठ्या व्हिडिओच्या निवेदनाचे ध्वनिमुद्रण कसे करावे, म्हणजे पुढे त्यातून छोट्या क्लिप सहज काढता येतील?

छोट्या क्लिपचा विचार संपादनाच्या वेळी नव्हे, तर संहिता लिहितानाच करावा. ‘आधी सांगितल्याप्रमाणे’ किंवा ‘त्यामुळेच’ अशा शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद मूळ व्हिडिओत खटकत नाही. पण तोच स्वतंत्र क्लिप म्हणून कापला, की प्रेक्षकाला संदर्भच लागत नाही. म्हणून प्रत्येक मुद्द्याचे पहिले वाक्य स्वयंपूर्ण ठेवावे आणि दोन मुद्द्यांमध्ये एक-दोन सेकंदांची शांतता सोडावी, कारण कात्री तिथेच चालवायची असते.

ध्वनिमुद्रणासाठी महागड्या मायक्रोफोनपेक्षा खोली महत्त्वाची, असे माझे मत आहे. जाड पडदे, गादी किंवा कपड्यांनी भरलेले कपाट यांमुळे घुमणारा आवाज बराच कमी होतो. मायक्रोफोन तोंडापासून साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर, किंचित बाजूला ठेवला, तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या उच्चारातील हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही. ध्वनिमुद्रणाच्या मीटरवर (जिथे शून्य ही शेवटची मर्यादा असते) आवाजाची कमाल पातळी उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू द्यावी. मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज नंतर क्वचितच पूर्ण सुधारतो.

पार्श्वसंगीत मात्र स्वतंत्र ट्रॅकवरच असावे. ते निवेदनात एकदा मिसळले, की प्रत्येक कापावर सूर तुटतो आणि त्यावर उपाय जवळजवळ नसतो.

चित्राबाबत एवढेच, की १९२० × १०८० च्या आडव्या चौकटीतून ९:१६ ची उभी चौकट कापल्यास रुंदी सुमारे ६०७ पिक्सेलच उरते. त्यामुळे शक्य असल्यास चित्रीकरण ४के मध्ये (३८४० × २१६० पिक्सेल) करावे आणि मुख्य विषय मध्यभागी ठेवावा.