डोळ्याची सोनोग्राफी: आधी हात हलका करा

सोलापुरात मेडिकलच्या विद्यार्थ्यांना खाटेशेजारी डोळ्याची सोनोग्राफी शिकवताना तेच तेच प्रश्न फिरून येतात. हल्ली नातेवाईकही विचारतात. त्यातले काही घेतो.

पोटाचा प्रोब (सोनोग्राफी मशीनचा हातात धरायचा भाग) डोळ्यावर चालतो का? (इंटर्न, विजापूर रोड)

नाही. लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा प्रोब घ्या, ७.५ मेगाहर्ट्झ किंवा त्याच्या वरचा.

आजीच्या डोळ्याची तपासणी शिकाऊ डॉक्टरने केली. त्या किरणांनी नजर जाते, असं शेजारचे सांगतात. (होटगी रोड)

शेजारचे चुकतायत. सोनोग्राफीत किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. मात्र डोळ्यासाठी लहरींची ताकद पोटापेक्षा बरीच कमी ठेवावी लागते, म्हणून मशीन डोळ्याच्या सेटिंगवर हवं. सीनिअर समोर आहेत का, हे विचारायला संकोचू नका. आजींची नजर खरोखर कमी वाटत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

यंत्रमागाचा धोटा उडून डोळ्याला लागलेला कामगार आला. पापणी सुजून बंद. पडदा जागेवर आहे का बघायला, व्हिडिओत दाखवतात तसा चित्र स्पष्ट येईपर्यंत प्रोब दाबला. बरोबर ना? (इंटर्न, अक्कलकोट रोड)

नाही. आधी नेत्रविभागात जाऊन त्या रुग्णाच्या डोळ्याची स्थिती विचारा, दाबला होता हेही सांगा, आणि मग पुढचं वाचा.

डोळा फुटलेला असू शकतो, ही शंका ज्या रुग्णात येते तिथे विद्यार्थ्याने प्रोब हातातच घ्यायचा नाही. फाटलेली दुधाची पिशवी दाबल्यावर जे होतं तेच इथे होतं: आतला ऐवज जखमेतून बाहेर येतो, आणि तो परत आत घालता येत नाही. शंका कशावरून घ्यायची? धोटा, दिवाळीचा फटाका, छिन्नीवर हातोडा मारताना उडालेली लोखंडाची किरच, ही हकीकतच पुरेशी आहे. शिवाय बाहुली एका बाजूला ओढलेली, थेंबासारखी. बुबुळाच्या कडेला काळपट ऊतक डोकावतंय. पांढऱ्या भागावर सगळीकडून रक्त साकळलंय. पापणी उघडतच नसेल तर डोळा फुटलाय असं धरूनच चला. बळजबरीने उघडू नका.

मग करायचं काय? कडक शील्ड, म्हणजे डोळ्याला न टेकणारं झाकण, लावा. नसेल तर कागदी कपाचा तळ कापून, कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकतील असा बसवा. कापसाची पट्टी नको, थेंब नको, मलम नको. उपाशी ठेवा, उलटी थांबवा, धनुर्वाताचं इंजेक्शन बघा. धातू आत गेल्याची शंका असेल तर सीटी. एमआरआय मुळीच नाही. आणि हे सगळं करता करता नेत्रतज्ज्ञांना फोन.

डोळा शाबूत असतानाही दाबायचं नसतंच. करंगळी नाकाच्या हाडावर टेकवा, म्हणजे प्रोबचं वजन तुमच्या हातावर राहतं. बंद पापणीवर जेल सढळ हाताने घाला. स्क्रीनवर पापणीच्या वर जेलची काळी पट्टी दिसली पाहिजे. ती नाहीशी झाली की तुम्ही दाबताय. व्हिडिओ बनवणाऱ्यांना ही पट्टी दाखवावीशी का वाटत नाही, कोण जाणे.

वडिलांना डोळ्यापुढे विजा चमकतात, काळे ठिपके फिरतात. सोनोग्राफी नॉर्मल आली. आषाढीची वारी करून आल्यावर दाखवलं तर चालेल? (बार्शी)

चालणार नाही. आजच दाखवा. पडद्याची बारीक चीर सोनोग्राफीत निसटू शकते; बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञांनीच पाहायला हवं. चीर वेळेत सापडली तर अनेकदा लेझरवर भागतं. बाजूने सावली सरकत येतेय असं वाटलं तर रात्र असली तरी निघा. मेडिकलमधून थेंब आणून चार दिवस काढू नका.

मोबाइलला जोडायचा प्रोब ऑनलाइन मिळतोय, सोबत 'दोन दिवसांत तज्ज्ञ' असं सर्टिफिकेट. घेऊ का? (एमबीबीएस तृतीय वर्ष)

सर्टिफिकेट भिंतीला शोभेल. प्रोब मात्र महागात पडेल: १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याने नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी मशीन विकायला बंदी आहे, आणि विद्यार्थ्याला त्यात सवलत नाही. विकणारा हे कधीच सांगत नाही. कॉलेजच्या नोंदणीकृत मशीनवरच शिका. काही अडलं तर रेडिओलॉजीच्या विभागप्रमुखांना विचारा.

बेशुद्ध रुग्णात डोळ्यामागच्या नसेचं आवरण ५.२ मिमी रुंद आलं. डोक्यातला दाब वाढला, असं लिहू? (रेसिडेंट)

लिहू नका. मोठ्या माणसात ५ मिमीच्या वर शंका घेतात, पण मोजायचं नेत्रगोलाच्या ३ मिमी मागे, आणि प्रोब जरा तिरका झाला तरी अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होतो. दोन्ही डोळे पुन्हा मोजा, फिजिशियनला कळवा, सीटीबद्दल त्यांना ठरवू द्या.

किती तपासण्यांनंतर हात बसतो? (तीन विद्यार्थी, एकच प्रश्न)

आकडा देत नाही; दिला की तेवढ्या भरून मोकळे होता. मित्राचे निरोगी डोळे भरपूर बघा. मग रुग्णाला डोळा डावी-उजवीकडे फिरवायला सांगून बघा: सुटलेला पडदा हलतो, पण नसेच्या तोंडाशी धरलेला राहतो, डोळ्यात साचलेलं रक्त मोकळं घुसळतं, आणि गेन (चित्राचा उजळपणा) वाढवल्याशिवाय बऱ्याचदा दिसतही नाही. प्रत्येक चित्र नेत्रविभागाच्या बी-स्कॅनशी, म्हणजे त्यांनी केलेल्या डोळ्याच्या सोनोग्राफीशी, ताडून घ्या. तिथल्या रेसिडेंटने सही करेपर्यंत केसपेपरवर 'नॉर्मल' लिहायचं नाही.