आरसा, ऐना, दर्पण आणि आरसपानीतलं नसलेलं पाणी

प्रश्न असा आहे: ‘आरसा हा शब्द आपला की बाहेरचा? आमच्याकडे आई “काचेत बघ” म्हणते, आजीच्या तोंडी ऐना असायचा, पुस्तकात दर्पण दिसतो. हे सगळे एकच का? आणि आरसपानी सौंदर्य म्हणतात, त्यातलं पाणी कुठलं?’

शेवटचं आधी घेतो, गंमत तिथेच जास्त आहे. आरसपानीत पाणी नाहीच. मूळ शब्द आरसपान, म्हणजे संगमरवर. यातलं ‘पान’ म्हणजे पाषाण, बोलून बोलून झिजलेला. गुजरातीत संगमरवराला आजही सर्रास आरसपहाण म्हणतात, त्यामुळे तिथे दगड लपून राहत नाही. आपल्याकडे ‘ह’ गळला, ‘ण’चा ‘न’ झाला आणि लोकांना त्यात पाणी दिसू लागलं. घासूनघोटून आरशासारखा चमकवता येतो तो आरसपान, अशी शब्दाची सरळ फोड. तेव्हा आरसपानी कांती म्हणजे संगमरवरासारखी गोरी, गुळगुळीत. आता मात्र आरसपानीचा अर्थ नितळ, आरपार दिसणारं असा होत चालला आहे. मालवणच्या समुद्राच्या वर्णनातही तो भेटतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, शब्द सरकतात. पण ‘आरसपानी काच’ वाचलं की मला खटकतंच. संगमरवरातून पलीकडचं दिसत नाही हो!

आता आरसा. शब्द घरचाच आहे, तोही जुना. संस्कृतात आरशाला ‘आदर्श’ म्हणत. प्राकृतात त्याचा आअरिस झाला, ज्ञानेश्वरीत तो ‘आरिसा’ म्हणून भेटतो आणि पुढे मधला इकार गळून आपला आरसा झाला. गोव्यात आणि मालवणात त्याचंच रूप आरसो, गुजरातीत अरीसो. आदर्शचा हा अर्थ कुठे दिसतो असं कुणी विचारलं तर गीतेचा तिसरा अध्याय उघडावा: ‘धूमेनाव्रियते वह्निर्यथादर्शो मलेन च’. धुराने अग्नी झाकला जातो, मळाने आरसा. इथे आदर्श म्हणजे थोर माणूस नव्हे, भिंतीवर किंवा हातात असतो तोच. आणि मळ म्हणजे नुसती धूळ असेलच असं नाही. काचेचे आरसे घरोघरी येण्याआधी आरसे धातूचे असत आणि धातूवर जंग चढतो, तो सारखा घासावा लागतो. केरळात आरन्मुळाला असे मिश्रधातूचे आरसे आजही बनतात. ते पाहिले की श्लोकातला मळ लगेच कळतो.

मग आदर्शचा ‘अनुकरणीय’ हा अर्थ कसा आला? ज्यात पाहून आपण स्वतःला नीट करतो ते, त्यावरून ज्याच्याकडे पाहून नक्कल करायची ते. हस्तलिखितांच्या व्यवहारात ज्या पोथीवरून दुसरी उतरवतात तिला आदर्श प्रत म्हणतात, तो या दोन अर्थांमधला पूल. म्हणजे आरसा आणि आदर्श ही एकाच घरची भावंडं. एक स्वयंपाकघरापर्यंत आलं, दुसरं पुरस्कारांच्या यादीत जाऊन बसलं.

ऐना फारसीतल्या आईनावरून आला. विदर्भात अजून ऐकू येतो. बाकी ठिकाणी तो लावणीत आणि जुन्या माणसांच्या तोंडी उरला. त्याच्या पुढे लागणारं ‘बिलोरी’ हे विशेषणही त्याच वाटेने आलेलं: बिलोर म्हणजे स्फटिक. शनिवारवाड्यात मात्र ‘जुना आरसे महाल’ होता. पेशव्यांच्या कागदांत फारसी शब्दांची इतकी चलती असताना महाल फारसी-अरबी आणि आरसा मराठी, ही जोडी मला फार आवडते.

दर्पण हा लिहिण्याचा शब्द. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत पत्र काढलं, त्याला दर्पण हे नाव शोभलं. पण ‘दर्पण पुसून घे गं’ असं कुणी म्हणत नाही. हिंदी शाळांत भौतिकशास्त्राने ‘गोलीय दर्पण’ घेतला, आपल्या पाठ्यपुस्तकांनी अंतर्गोल आरसा, बहिर्गोल आरसा असा घरगुती शब्दच ठेवला. उत्तम केलं.

काचेचं म्हणाल तर ‘काचेत बघ’ हे चूक नाही, पण प्रत्येक ठिकाणी चालत नाही. रिक्षावाल्याला ‘काच नीट करा’ म्हटलंत तर तो समोरची पुसायला घेईल. मागचं दिसावं म्हणून जो फिरवतो त्याला तोही आरसाच म्हणतो. न्हाव्याकडे केस कापून झाले की मानेमागे धरून दाखवतात तोही आरसा. काच म्हणजे वस्तू कशाची, आरसा म्हणजे ती करते काय. मधला फरक पाऱ्याचा. जुन्या आरशाच्या कडेला काळे डाग पडले की आपण ‘पारा उडाला’ म्हणतो. पूर्वी काचेमागे कथिल आणि पाऱ्याचा थर असे. 1835 मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढवण्याची रीत काढली, पुढे पारा हद्दपार झाला. बोलण्यातला पारा काही उडाला नाही.

‘आरसा दाखवणे’ मात्र जपून वापरावं. बातम्यांत ‘न्यायालयाने सरकारला आरसा दाखवला’ असं येतं, त्यावर हिंदीच्या ‘आईना दिखाना’ची छाया आहे, असं माझं मत. आपल्याकडे आरसा दाखवणं ही सेवा आहे. पूजेच्या राजोपचारांत छत्र, चामर यांच्याबरोबर दर्पण असतो. पंढरपूरला पोशाख झाल्यावर विठ्ठलाला आरसा दाखवत, ते काम परंपरेने डिंगरे या सेवेकऱ्यांकडे असे. देवाने आपलं रूप पाहून प्रसन्न व्हावं, ही त्यातली भावना. टोमणाच मारायचा तर मराठीत ‘आधी आरशात तोंड बघ’ आहे की, आणि त्याला धारही जास्त आहे.

‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ ही म्हण हिंदीतही आहे: ‘हाथ कंगन को आरसी क्या’. पण तिकडे रोजच्या बोलण्यातला मान शीशा आणि आईना यांनी घेतला. आरसी उरली ती त्या म्हणीत आणि अंगठ्यात घालायच्या आरसा जडवलेल्या अंगठीत.

जाता जाता लेखनाचं. हल्ली ‘आरस्यात’, ‘आरश्यात’ असं दिसतं. पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी सा असेल तर सामान्यरूपात शा होतो, मध्ये य येत नाही: घसा-घशात, ससा-सशाला, पैसा-पैशाचा. तसंच आरसा-आरशात. अनेकवचन मात्र आरसेच.