इंजिन रेस होतं पण होडी पुढे जात नाही, जुन्या आउटबोर्डला (होडीच्या मागे बसवायच्या इंजिनाला) काय झालं असेल?

तुम्ही लिहिलंय की २५ एचपीचं जुनं टू-स्ट्रोक आहे, हळू चालवलं तर ठीक, पण थ्रॉटल दिला की इंजिन नुसतं किंचाळतं आणि होडी जागेवरच. मग कार्बोरेटर उघडू नका, तिथे कचरा असता तर आरपीएम चढलाच नसता. मला तरी पंख्याचा (प्रोपेलरचा) हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला भाग, घसरतोय असं वाटतं. पंख्याच्या आत रबरी बुश असतो, दगडाला धडक बसली तर गिअर वाचावा म्हणून, तो वर्षानुवर्षं उन्हात-खाऱ्या पाण्यात कडक होतो आणि जोर आला की आतल्या आत फिरतो. बघायचं सोपं आहे, आतल्या हबवरून बाहेरच्या पंख्यापर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारा, होडी जोरात चालवून आणा, रेघ तुटलेली दिसली की समजा बुश गेला. नवीन बुश प्रेसवर बसवून मिळतो, हातोड्याने ठोकू नका प्लीज.

रेघ जुळलेली असेल तर इंजिन फार वर बसवलंय का बघा, पंखा हवा ओढत असेल.

आणि पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) गुंडाळलंय का नक्की बघा, ते गिअरमध्ये पाणी जाऊ न देणारं सील कापतं. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, तसंच चालवलं तर गिअर जातील.

पंख्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगच्या वायरी काढा, जुनी इंजिनं नुसता पंखा फिरवला तरी चालू होऊ शकतात.