जुन्या फोर बाय फोर जीपचा एक्सल रेशो कसा ओळखायचा?

लिलावात घेतलेल्या जुन्या जीपचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला एक्सलकडे येणारा लांब शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा) एक्सलचं हाउजिंग, म्हणजे आवरण, न उघडता कसा ओळखायचा आणि स्पीड वाढवायला कोणता क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) टाकायचा, असं तुम्ही विचारलं. स्पीडचं नंतर पाहू. आधी सांगा, पुढचा आणि मागचा दोन्ही मोजले का? नसतील तर चारही चाकांना ताकद देणारा फोर व्हीलचा दांडा ओढूच नका.

आमच्याकडे जुन्या अमेरिकन विलीज जीपच्या घाटणीची महिंद्रा होती. वणीकडे शेत, काळी माती, पावसाळ्यात पांदणीतून दुसरं काही जात नाही. एका वर्षी पुढच्या क्राउनचे दात गेले. मी म्हटलं नवीन सेट टाकू, तर आमचे भाटवे (बहिणीचे यजमान) म्हणे, कायले पैसे घालतं, ओळखीचा मिस्त्री हाय, भंगारातून अख्खा एक्सलच आणून देते. रेशो पाहिला का विचारलं तर, "जीपचा एक्सल जीपलेच बसते, त्यात का पाह्याचं हाय बे." आता घरच्या जावयासमोर तोंड कोण वर करणार, बसवला.

बसलाही मस्त. पावसाळाभर काही कळलं नाही, कारण चिखलात चाकं घसरतातच, फरक त्यातच जिरून जातो. दिवाळीनंतर कापसाची ट्रॉली घेऊन निघालो, पांदणीतून डांबरीवर चढलो आणि दांडा काढायचा राहून गेला (ही चूक माझी, मान्य). रस्ता सरळ, तरी गाडी अशी जड की कोणी ब्रेक दाबून बसलं जसं. टायर चिरचिर करून राहिले, रबराचा वास सुटला, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गियरच्या पेटीला) हात लावला तर चटका. दांडा टू व्हीलला येईचना. शेवटी रिव्हर्समध्ये हातभर मागं घेतली तेव्हा खटकन सुटला.

दुसऱ्या दिवशी मोजलं. मागचं एक चाक जॅकवर, बाकीच्यांना दगड, गियर न्यूट्रल, दांडा टू व्हीलला, हॅन्डब्रेक सोडलेला, कारण या जीपचा हॅन्डब्रेक मागच्या शाफ्टवरच असतो. तंबाखूच्या डबीतला चुना शाफ्टवर बोटभर लावला, टायरवरही. भाचा, म्हणजे भाटव्यांचाच पोरगा, खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजून राहिला आणि मी चाक फिरवून राहिलो. एक चाक जमिनीवर असलं की उचललेलं वीस फेरे फिरवायचं आणि दहाच धरायचे, डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गियरमुळे) निम्मे होतात. शाफ्टचे आले जवळपास ५४, म्हणजे ५.३८, क्राउनचे ४३ दात भागिले पिनियनचे ८. पुढचं तसंच मोजलं (तिथं फ्री व्हील हब, म्हणजे चाक एक्सलपासून सोडवता येणारे हब, असतील तर लॉक करून घ्या) तर ४९ ला थोडे कमी, म्हणजे ४.८८, ३९ भागिले ८. एक विलीजच्याच सीजे थ्री-बी मॉडेलचा रेशो, दुसरा जुन्या लष्करी विलीज एमबीचा, वरून पाहून फरक कोणाले कळते! मागची चाकं दहा फेरे मारतात तेवढ्यात पुढची अकरा मारू पाहतात, मग सरळ रस्त्यावरही ओढाताण होणारच.

हाउजिंगच्या बोल्टखाली रेशो लिहिलेला पत्र्याचा टॅग असला तरी त्यावर विसंबू नका, आत काय टाकलं ते मागच्या मालकालाच माहीत. स्पीडचं म्हणाल तर आकडा लहान केला की स्पीड वाढते अन् ओढ कमी होते, पण बदलायचा तर दोन्हीकडचा बदला, नाहीतर राहू द्या.

आणि हो, रेशो सारखे असले तरी कोरड्या डांबरीवर वळणावर फोर व्हीलमध्ये गाडी थोडी अडतेच, पुढचे-मागचे टायर वेगळ्या साइजचे असले तरी तोच त्रास. भाटवे हेच धरून बसले, "तूनं डांबरीवर दांडा लावला, एक्सलचा काय दोष." निम्मं खरं आहे त्यांचं. पण वळणावर नाही ना अडली, सरळ रस्त्यावर अडली! तर म्हणे पोराचं मोजणं चुकलं. पोरगं आता पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करून राहिलं, तेही माझ्याच बाजूनं आहे.