टोमॅटो फळ की भाजी? आणि 'वर्क'ला शून्य गुण

प्रश्न : मुलगा नववीत, इंग्रजी माध्यमात आहे. विज्ञानाच्या पेपरात 'वर्क' म्हणजे काय, असं विचारलं होतं. त्याने घरच्या इंग्रजी शब्दकोशातलं पाठ केलेलं लिहिलं : काही साध्य करण्यासाठी केलेली शारीरिक किंवा मानसिक मेहनत. शून्य गुण मिळाले. चूक कोशाची की बाईंची? – एक पालक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दोघांचीही नाही. चिरंजीवांनी पहिला अर्थ वाचून कोश मिटला, एवढंच झालं. तीच नोंद खालपर्यंत वाचायला सांगा. बऱ्याच कोशांत पुढे 'फिजिक्स' अशी खूण करून वेगळा अर्थ दिलेला असतो : लावलेलं बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन, म्हणजे वस्तू सरकली ते अंतर, यांचा गुणाकार. बडोदे स्टेशनवर डोक्यावर बॅगा घेऊन गाडीची वाट बघत उभा असलेला हमाल घामाघूम होतो, पण बॅगा जागच्या हलत नाहीत तोवर त्याने बॅगांवर केलेलं 'वर्क' भौतिकशास्त्राच्या हिशेबी शून्य. त्याच्या मेहनतीचा अपमान करायचा म्हणून हे म्हटलेलं नाही. मोजता यावं म्हणून शास्त्राने त्या शब्दाला तेवढंच काम नेमून दिलं आहे.

या दोन व्याख्या उलट दिशांनी तयार होतात, हे शाळेत कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोजच्या शब्दाचा अर्थ कोशकार ठरवत नाही, तो गोळा करतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी स्वयंसेवकांनी पुस्तकं वाचून वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. शास्त्रातला शब्द मात्र माणसं एकत्र बसून ठरवतात. मीटर म्हणजे निर्वातात प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो तेवढं, हे १९८३ साली असंच ठरलं. लोक मीटर शब्द कसा वापरतात, हे तिथे कुणी विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.

या दोन व्याख्यांची गाठ एकदा थेट कोर्टात पडली. अमेरिकेत १८८३ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या भाजीवर जकात होती, ताज्या फळांना माफी होती. टोमॅटो आणणाऱ्या निक्स नावाच्या व्यापाऱ्यांनी दावा लावला की टोमॅटो हे फळ आहे. त्यांच्या वकिलांनी वेबस्टर, वूस्टर आणि इम्पीरियल या कोशांतले अर्थ कोर्टात वाचून दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने १८९३ साली निकाल दिला : वनस्पतिशास्त्राप्रमाणे टोमॅटो फळच, पण लोकांच्या बोलण्यात ती भाजी आहे, कारण ती जेवणात वाढतात, जेवणानंतरच्या गोडात नाही. जकात कायम राहिली. मला हा निकाल पटतो. आपल्या खंडेराव मार्केटमध्येही टोमॅटो मागायला कुणी फळवाल्याकडे जात नाही.

तेव्हा बाईंशी वाद घालू नका. विज्ञानाच्या पेपरात व्याख्या विज्ञानाच्या पुस्तकातलीच लिहायची.

प्रश्न : सूनबाई इंग्रजी शिकते आहे. घरात जाडजूड जुना कोश आहे, पण एका शब्दाचा अर्थ बघितला की त्या अर्थातले आणखी तीन शब्द शोधावे लागतात. तिचा धीर सुटत चाललाय. – एक सासूबाई, रावपुरा, बडोदे

उत्तर : सूनबाईंना सांगा, दोष त्यांचा नाही. सोपा शब्द समजावायला त्याहून सोपे शब्द लागतात आणि ते दर वेळी सापडत नाहीत. ही तक्रार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच करून ठेवली आहे. त्याच कोशात 'नेटवर्क' बघा : 'रेटिक्युलेटेड' किंवा 'डेकसेटेड' अशी कोणतीही वस्तू, जिच्यात छेदांच्या मधे सारख्या अंतरावर 'इंटरस्टिसेस' असतात. जाळं ज्याने पाहिलंय त्यालाही हे वाचून जाळं दिसणार नाही.

यावरचा इलाज निघाला तो शिकवणाऱ्या माणसांकडून. ढाक्याला शिक्षकांना शिकवणाऱ्या मायकेल वेस्टने सहकाऱ्यासोबत १९३५ साली एक कोश काढला. त्यात सुमारे २४,००० नोंदी अवघ्या १,४९० शब्दांत समजावल्या होत्या. १९७८ साली लाँगमन या प्रकाशकांच्या कोशाने तेच सूत्र धरून सुमारे २,००० शब्दांत व्याख्या बसवल्या. १९८७ च्या कोबिल्ड नावाच्या कोशाने तर व्याख्येचं सबंध वाक्यच केलं : 'तुम्ही कुणाला लाच दिली, तर त्याने तुमचं काम करावं म्हणून तुम्ही त्याला पैसे देता', अशा धाटणीचं. त्यात शब्दाचा अर्थ कळतो आणि तो वाक्यात कसा बसतो तेही कळतं. नवशिक्याला मी डोळे झाकून हाच प्रकार सुचवेन.

दुकानात गेलात की मुखपृष्ठावर 'लर्नर्स' लिहिलेला कोश मागा आणि घेण्याआधी सूनबाईंना माहीत असलेला एखादा साधा शब्द, 'डोअर' किंवा 'स्पून', त्यात काढून वाचायला लावा. ती व्याख्या त्यांना न अडखळता वाचता आली, तर घ्या. घरातला जाडा कोश मात्र रद्दीत देऊ नका, दोन वर्षांनी त्यांनाच लागेल.