रॉयल एनफिल्डची सुपर मिटिअर ६५० : चालवणारे काय म्हणतात आणि मागे बसणारे काय म्हणतात

तुम्ही विचारलंय की एनफिल्डचीच क्लासिक ३५० विकून सुपर मिटिअर ६५० घ्यावी का, उंची ५ फूट ५ आहे, वय चाळीशी पार, आठवडाभर ऑफिस आणि महिन्यातून एक-दोनदा बायकोला घेऊन बाहेर, आणि युट्यूबवर निम्मे लोक "मख्खन" म्हणतात आणि निम्मे "कंबर गेली" म्हणतात तर खरं कुणाचं मानायचं.

दोघांचंही. गंमत नाही करत. पुण्यात राहतो, सव्वादोन वर्षं झाली घेऊन, १९ हजारांच्या वर झालंय रनिंग, त्याआधी नऊ वर्षं बुलेट होती. आमच्या ग्रुपात ही गाडी चार जणांकडे आहे आणि चौघांची मतं चार आहेत, कारण चौघे वेगवेगळ्या गाडीवरून उतरून हिच्यावर बसलेत. बुलेट-क्लासिकवाला बसला की पहिल्या पाच मिनिटांत वेडा होतो. इंटरसेप्टरवाला (तीही एनफिल्डचीच ६५०) म्हणतो इंजिन तर माझंच आहे पण हिला पळवायला गेलं की जड लागते. एकाकडे आधी कावासाकीची व्हल्कन एस होती, तो म्हणतो अर्ध्या पैशात हे मिळत असेल तर बोलायचंच कशाला. आणि चौथा केटीएमच्या हलक्या, पळणाऱ्या ड्यूकवरून आलाय, त्याचं मत मी इथे लिहीत नाही 😄

इंजिनबद्दल मात्र वाद नाही. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी २०१८ ला आल्या तेव्हाचंच, फक्त ट्यूनिंग जरा वेगळं. ४७ पीएस ताकद आणि ५२.३ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची शक्ती. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कंपनी म्हणते की यातला ८० टक्के टॉर्क २५०० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो, आणि ते चालवताना कळतं, कात्रजच्या चढावर पाचव्यात आहात, पुढे ट्रक, एक्सलेटर पिळला की गाडी निघाली, गिअर पाडायची गरजच नाही. तुमच्या क्लासिकला २० बीएचपी ताकद आणि २७ एनएम टॉर्क आहे, म्हणजे सगळंच दुप्पट. शंभरच्या स्पीडला क्लासिकचे आरसे थरथरतात ना, इथे मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. पण एक सांगून ठेवतो, धडधड गेली. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) २७० डिग्रीचा असल्यामुळे आवाजाला एक लय आहे, चांगला भारदस्त आवाज आहे, पण तो बुलेटचा नाही. आमचे शेजारचे काका अजून म्हणतात "तुझी बुलेट गेली आणि सोसायटीतली सकाळ गेली". काही लोक सायलेन्सर बदलून तो आवाज आणायला बघतात, त्या भानगडीत पडू नका, पोलीस पकडतात आणि पकडावंच.

आता वजन. २४१ किलो. तुमची क्लासिक १९५ आहे, म्हणजे जवळजवळ सिमेंटची एक गोण जास्त. लोक म्हणतात की चालताना वजन जाणवत नाही आणि ते खरंच आहे, सीट ७४० मिमी म्हणजे तुमच्या क्लासिकपेक्षा अडीच इंच खाली, ५ फूट ५ वाल्याचे दोन्ही तळवे आरामात टेकतात, सिग्नलला राजासारखे बसता. आमच्या ग्रुपातली एक जण ५ फूट २ आहे, ती नवऱ्याची हीच गाडी मस्त चालवते. पण वजन जाणवतं ते गाडी बंद असताना. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग उतरतं आहे, भिंतीकडे उतार. गाडी आणली त्या रात्री मी नेहमीच्या सवयीने बुलेटसारखी सरळ आत घातली, पुढचं चाक भिंतीला, साइड स्टँड लावला आणि पेढे वाटायला वर गेलो. सकाळी साडेसातला ऑफिसला निघालो आणि गाडी मागे येईचना. पाय रोवून मागे रेटतोय, बूट फरशीवर घसरतायत, गाडी चार इंच मागे येते आणि पुन्हा भिंतीकडे जाते. शेवटी वॉचमन काका आणि पेपरवाला पोरगा, दोघांनी मागून बॅकरेस्टला धरून ओढली आणि मी वर बसून नुसतं हँडल सांभाळलं. काका म्हणाले, "साहेब, म्हैस पण अशीच असते, गोठ्यात घालताना उलटी घालायची." त्या दिवसापासून उलटीच लावतो.

हे हसण्यावारी नेऊ नका. गाडी कलंडली की एका विशिष्ट कोनानंतर ती कुणाच्या बापाला आवरत नाही, तेव्हा सोडून द्यायची आणि पाय काढून घ्यायचा, इंजिनच्या बाजूच्या क्रॅश गार्डचा खर्च गुडघ्यापेक्षा स्वस्त आहे.

आता कंबर, जो तुमचा खरा प्रश्न आहे. क्रूझर असल्यामुळे फुटपेग पुढे आहेत, पाय पुढे, हात पुढे, सगळं वजन माकडहाडावर. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण नकळत पायावर जोर देऊन बूड अर्धा इंच उचलतो, इथे ते जमत नाही कारण पाय शरीराच्या खाली नाहीतच. त्यात मागच्या शॉकॉब्सरचा ट्रॅव्हल, म्हणजे दबायची जागा, फक्त १०१ मिमी. पुढे शोवाचे अपसाइड डाऊन फोर्क आहेत, रॉयल एनफिल्डने पहिल्यांदा याच गाडीला दिले, ते छान काम करतात. म्हणजे खड्डा पुढचं चाक पचवतं आणि मागचं तुम्हाला देतं. गुळगुळीत रस्त्यावर सोफा, तुटलेल्या रस्त्यावर बैलगाडी, म्हणून युट्यूबवर निम्मे-निम्मे. कोण कुठल्या रस्त्यावर चालवून आला तेवढाच फरक आहे.

मागे बसणाऱ्याला तर कुणी विचारतच नाही. आमची पहिली जोडीची राईड दापोली होती, ताम्हिणीतून माणगाव, आंबेत, मंडणगड. दोघं, दोन्ही बाजूला बॅगा, आणि मी शहाण्याने मागचं प्रीलोड (शॉकॉब्सरची स्प्रिंग आधीच किती आवळलेली असते ते) एकट्याच्या सेटिंगलाच ठेवलेलं. मागून प्रत्येक खड्ड्याला "अगं आई गं" ऐकू येत होतं, मला वाटलं घाट बघून म्हणतेय. माणगावला चहाला थांबलो, टपरीवाल्याने खुर्ची पुढे केली तर बायको म्हणाली, "बसायला नको, बसूनच तर आलेय," आणि चहाचा ग्लास हातात घेऊन रस्त्याच्या कडेला येरझारा घालत राहिली. परत आल्यावर सी स्पॅनरने प्रीलोड वाढवलं. दोन माणसांच्या वजनाने स्प्रिंग आधीच दबलेली असेल तर खड्ड्याला दबायला जागाच उरत नाही आणि ठोका थेट वर येतो, एवढं साधं आहे, पण डोक्यात यायला मला दापोलीला जाऊन यावं लागलं. शिवाय मागून गाडी बसली की पोट खाली येतं आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि रस्ता यातलं अंतर, मुळात १३५ मिमीच आहे. आमच्या सोसायटीच्या कमिटीने गेटवर स्वतःच्या कल्पनेने एक स्पीडब्रेकर बांधलाय, तो मी अजूनही तिरका घेतो.

तर जोडीने फिरणार असाल तर वरचं टूरर मॉडेल बघा, सेलेस्टियल, त्याला मोठी सीट, मागे पाठ टेकायला बॅकरेस्ट आणि पुढे काच येते. मी तेच घेतलं. प्रीलोड वाढवल्यावर बायको आता दीड तास बोलत नाही, म्हणजे दुखण्याबद्दल बोलत नाही. काचेचं मात्र उंचीवर आहे, कुणाला वारा बरोबर हेल्मेटवर बसतो आणि भुर्रर्र आवाज येतो, शोरूमच्या गाडीवर बसून बघा.

एक विनोद सांगायचा राहिला. मोठ्या हायवेसाठी बनवलेली गाडी घ्यायची आणि महाराष्ट्रात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर टू-व्हीलर बंद, समृद्धीवर बंद, अटल सेतूवर बंद, वरळी सी लिंकवर बंद. म्हणजे जिथे ही गाडी खरी सोफा होईल ते सगळे रस्ते बघायला कारमधून जायचं. आपल्याला उरतो जुना हायवे आणि सातारा-कोल्हापूर. कोल्हापूरपर्यंत मजा येते, कामं चालू आहेत तिथे नाही.

रोजच्या ऑफिसचं थोडक्यात सांगतो. इंजिन एअर-ऑइल कूल्ड आहे, एप्रिल-मेमध्ये बंपर टू बंपर ट्रॅफिकात नडगीला गरम लागतंच, हाफ पँटवर चालवू नका. क्लच हलका आहे. मला सिटीत २२ आणि बाहेर २५-२६ ॲव्हरेज मिळतं, टाकी १५.७ लिटरची, त्यामुळे तीनशे किमी झाले की पंप शोधतो. अलॉय आणि ट्यूबलेस टायर आहेत, हे क्लासिकच्या स्पोकवाल्यांना विचारा किती सुख आहे ते. पण खरं सांगू, मी ऑफिसला स्कूटर नेतो.

पैशाचं म्हणाल तर जानेवारी २०२३ ला लाँच झाली तेव्हा एक्स शोरूम ३.४९ ते ३.७९ लाख होती. तेव्हापासून वाढलीच, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी झाला, आधी सेस धरून ३१ होता. तुमच्या क्लासिकसारख्या गाड्यांचा उलट २८ वरून १८ वर आला. म्हणजे दोघींमधला फरक आधी होता त्यापेक्षा मोठा झालाय आणि जुनी विकताना पण त्याचा फटका बसणार, कारण नवीच स्वस्त झाली तर जुनीला भाव कोण देणार. इन्शुरन्स पण लक्षात ठेवा, ३५० सीसीच्या वर थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीचा, सक्तीचा) हप्ताच साधारण दुप्पट आहे.

मला विचाराल तर मी पुन्हा हीच घेईन, पण मला कोल्हापूरला एक मेव्हणा आहे आणि ऑफिसला एक स्कूटर आहे. तुमच्याकडे दुसरी गाडी नसेल आणि रोज हिंजवडीला जायचं असेल तर क्लासिक ठेवा, किंवा इंटरसेप्टर चालवून बघा, इंजिन तेच आणि पाय शरीराखाली.

टेस्ट राईडला बायकोला सोबत न्या, आणि शोरूमच्या समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दोन किलोमीटर नाही, आजूबाजूला खोदकाम चालू असेल तिकडून फिरवून आणा. प्रीलोड दोघांचं करून द्या म्हणून आधी सांगा. मग गाडी बंद करून स्वतः दहा पावलं मागे ढकलून बघा.

आणि तुमच्या पार्किंगला उतार आहे का, असला तर कुठल्या बाजूला, ते कमेंटमध्ये कळवा, कलरचं मग बोलू.